सुरतेत बसून शोधलेला जळगावचा प्लॉट

वाचकांचे प्रश्न

जमीन-घराचे व्यवहार करणाऱ्या एजंटांना स्वतःच्या वेबसाईटबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. पत्रं थोडी आली, व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेले निरोपच जास्त. काही निरोपांत मागून मोटारसायकलचा आवाज आहे, एकात तर इसाराचा सौदाच चालू आहे. सारखे प्रश्न एकत्र केले, नावं काढली, गावं ठेवली. प्रश्न जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतले आहेत.

ताई, माझं फेसबुकचं पान आहे, व्हॉट्सॲपचे ग्रुप आहेत, पोर्टलवर पैसे भरून जाहिरातीही टाकतो. वर आणखी वेबसाईट कशाला? आणि हवीच असेल तर फुकटातली का नको?
— पिंप्राळा, जळगाव

दादा, तुमचं गिऱ्हाईक पिंप्राळ्यातच राहत असेल आणि ओळखीनंच येत असेल, तर वेबसाईटवर एक रुपया घालू नका. रिंग रोडवरचा माणूस घर घ्यायला निघाला की आधी मेव्हण्याला विचारतो, गूगलला नाही.

पण आपला खान्देशी माणूस फक्त खान्देशात राहत नाही. तो सुरतेत उधना-लिंबायतला आहे, भोसरीला आहे, नाशिकच्या सिडकोत आहे. त्याला गावाकडे एक प्लॉट घेऊन ठेवायचाय. गावातल्या माणसाला विचारलं तर चार जणांत बातमी फुटते, म्हणून तो पाळी संपवून घरी आला की रात्री फोनवर शोधतो: ‘निमखेडी रोड प्लॉट भाव’, ‘एनए प्लॉट म्हणजे काय’, ‘सातबाऱ्यावर नाव नसेल तर’. दोन महिन्यांपूर्वीची तुमची फेसबुकची पोस्ट त्याला सापडत नाही. पोर्टलवर तो सापडतो, पण तिथं त्याचा नंबर तुमच्याबरोबर आणखी चार एजंटांना मिळतो आणि सकाळी त्याला पाच फोन जातात. स्वतःच्या वेबसाईटवर लिहिलेला मजकूर मात्र वर्षानुवर्षं जागेवर राहतो, आणि तो वाचून आलेला फोन तुम्हालाच येतो.

आता फुकटाचं. वर्डप्रेस हे वेबसाईट बनवायचं सॉफ्टवेअर २००३ पासून सगळ्यांना खुलं आहे, त्याला पैसे पडत नाहीत. त्याच नावाची एक सेवाही आहे. तिच्या फुकट योजनेत तुमच्या पत्त्याला त्यांची शेपटी लागते आणि तुमच्या पानावर त्यांच्या जाहिराती दिसतात. त्यापेक्षा स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाईटचा पत्ता, घ्या, भाड्यानं होस्टिंग, म्हणजे वेबसाईट ठेवायची जागा, घ्या आणि त्यावर वर्डप्रेस बसवा. डोमेनला वर्षाला साधारण हजार रुपये आणि साध्या होस्टिंगला काही हजार, वर १८ टक्के जीएसटी. फक्त जाहिरातीतला दर पाहू नका. तो पहिल्या खरेदीचा असतो. ‘नूतनीकरणाला किती?’ हा प्रश्न आधी विचारा, आकडा ऐकून दचकाल.

माझ्या दुकानात फायबरचं कनेक्शन आहे. भाचा म्हणतो, मामा, जुना कॉम्प्युटरच सर्व्हर करू, होस्टिंगचे पैसे वाचतील.
— भुसावळ

भाच्याला शाबासकी द्या आणि नको म्हणा. भुसावळच्या मे महिन्यात ४५ अंशांत बंद शटरच्या आड तो कॉम्प्युटर किती तग धरेल? लाईट गेली की वेबसाईट गेली. शिवाय साध्या ब्रॉडबँडवर बऱ्याचदा अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता असतो, त्यामुळे बाहेरून तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचणंच अवघड. मुंबईत डेटा सेंटर असलेली कंपनी बघून तिथं जागा घ्या. भाच्याला घरी प्रयोग करू द्या, त्यातून तो शिकेल.

तीन वर्षांपूर्वी एका मुलाकडून वेबसाईट करून घेतली. तो आता पुण्याला नोकरीला आहे, फोन उचलत नाही. डोमेनची मुदत संपत आलीय. डोमेन कुणाच्या नावावर आहे हेही मला माहीत नाही. बोर्डावर, कार्डावर सगळीकडे तोच पत्ता छापलाय.
— देवपूर, धुळे

या एकाच दुखण्याचे इतके निरोप आले आहेत की याचं उत्तर सविस्तर देते.

भाऊ, वेबसाईट जिवंत आहे तोवर पहिलं काम तिची नक्कल काढण्याचं. वर्डप्रेसमध्ये आत जाता येत असेल तर ‘साधने’ या भागातून ‘निर्यात’ करा, सगळे लेख एका फाईलमध्ये उतरतात. फोटो त्यात येत नाहीत, ते वेगळे उतरवावे लागतात. बॅकअपचं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाकता आलं तर सगळ्यात बरं, अपड्राफ्टप्लस सर्रास वापरतात. त्यातली प्रत तुमच्या स्वतःच्या गूगल ड्राइव्हवर पाठवा. आतच जाता येत नसेल तर प्रत्येक पान उघडून मजकूर आणि फोटो हातानं जपून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण घरातल्या कॉलेजच्या मुलाला बसवा. वेबसाईट आधीच बंद पडली असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुनी पानं सापडतात का ते बघा.

दुसरं, डोमेनचा तपास. ‘हूइज’ असं शोधलं की डोमेनची माहिती दाखवणारी पानं मिळतात. मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असेल, पण डोमेन कोणत्या कंपनीकडून घेतलं आणि मुदत कोणत्या तारखेला संपते हे दोन्ही उघडं दिसतं. त्या कंपनीच्या नावानं स्वतःचा जुना मेल धुंडाळा. कितीतरी वेळा असं निघतं की खातं एजंटच्याच मेलवर उघडलेलं होतं, फक्त पासवर्ड त्या मुलाकडे. मग पासवर्ड बदलला की काम संपलं.

खातं त्याचंच निघालं तर त्याला गाठा. पोलिसांची भाषा पहिल्या फोनला नको. या पोरांनी बहुतेक वेळा काही दाबून ठेवलेलं नसतं. मागच्या दोन वर्षांचे देखभालीचे पैसे कुणी दिले नाहीत, म्हणून ते फोन उचलत नाहीत. थकलेलं असेल ते देऊन टाका आणि दोन गोष्टी मागा: डोमेनचं कुलूप उघडणं आणि बदलीचा कोड. तो कोड तुमच्या स्वतःच्या नावानं उघडलेल्या खात्यात टाकला की काही दिवसांत डोमेन तुमच्याकडे येतं. डॉट कॉमची अशी बदली करताना एका वर्षाचे पैसे भरावे लागतात, पण मुदतही तेवढीच पुढे सरकते, म्हणजे पैसे फुकट जात नाहीत. मात्र डोमेन नवं घेतल्यापासून किंवा आधीच्या बदलीपासून ६० दिवस पुन्हा बदली होत नाही. त्याचा पुण्याचा पत्ता मिळवायला आईवडिलांकडे जावं लागलं तरी जा. धुळ्यात कुणाचं घर कोणत्या गल्लीत आहे हे शोधणं एजंटला काय अवघड?

मुदत संपली तरी डॉट कॉम लगेच हातचं जात नाही. आधी सवलतीचे काही दिवस मिळतात, मग ३० दिवस दंड भरून सोडवता येतं, आणि शेवटचे ५ दिवस काहीच करता येत नाही. त्यानंतर ते कुणालाही घेता येतं. चालू नाव सुटलं की ते झडप घालून घेणारे लोक असतात. पुढं तिथं जुगाराची पानं दिसायला लागतात आणि तुमच्या बोर्डावर मात्र तोच पत्ता.

यातलं काहीच जमलं नाही, तर आजच नवं डोमेन घ्या, नक्कल त्यावर चढवा आणि बोर्ड रंगवून घ्या. आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी आज संध्याकाळी एक काम करावं. डोमेनच्या खात्यात जाऊन मालकाच्या रकान्यात आपलं नाव, आपला मेल, आपला मोबाईल आहे का ते बघावं. जमीन विकताना सातबारा तपासणारे आपण, आपल्याच डोमेनचा उतारा कधी बघत नाही.

ताई, ‘घर घेताना घ्यायच्या दहा काळज्या’ असे लेख एआयकडून लिहून घेऊन टाकले. सहा महिने झाले, एक फोन नाही. लिहायचं तरी काय?
— अमळनेर

फोन येणार नाही. तसले लेख हजारोंनी पडलेत आणि त्यांत अमळनेर कुठंच नाही.

माझ्याकडे एक एजंट आहेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांना टायपिंग येत नाही. लेआउटवर जातात, मोटारसायकल बाजूला लावतात आणि फोनमध्ये बोलतात. मी ते ऐकून उतरवते, वाक्यं फारशी बदलत नाही. त्यांच्या एका लेखाची सुरुवात अशी आहे: ‘नकाशात या लेआउटचे दोन्ही रस्ते ९ मीटरचे. पुढचा आहे. मागचा टेप लावून मोजा, कुंपणं बाहेर सरकलीत. मागच्या रांगेतला प्लॉट स्वस्त का, ते यातच आलं.’ पुढं ते सांगतात की पावसाळ्यात नाल्याचं पाणी कोणत्या खांबापर्यंत येतं, आजूबाजूच्या बोअरला पाणी किती खोल लागलं, नळाचं पाणी किती दिवसांआड येतं, आणि नकाशावरच्या बागेच्या जागेत सध्या कुणाच्या म्हशी बांधतात.

तुम्ही म्हणाल, असं सगळं उघड लिहिलं तर मागची रांग विकणार कोण? आप्पांनी विकली. सुरतेच्या एका माणसानं फोन केला आणि म्हणाला, मला पाणी कुठवर येतं ते माहीत आहे, आता भाव बोला. त्याला बघायला आणायचं, मग त्यानं नाला बघायचा, मग त्यानं फोन बंद करायचा, ही सगळी फेरी वाचली.

तर एक रस्ता घ्या, एक लेआउट घ्या, एक चौक घ्या आणि त्यावर लिहा. महिन्यातून दोनदा जमलं तरी पुष्कळ.

दुसऱ्या तऱ्हेचे लेख कागदपत्रांचे. त्यांना बारा महिने वाचक असतो. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, माणूस गुंठ्यात बोलतो आणि बिल्डर चौरस फुटात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा एकर, एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्याच्या जवळपास. एवढाच तक्ता नीट मांडलात तरी लोक तो पुन्हा पुन्हा उघडतात. ‘शेतकरी नाही, तर शेतजमीन घेता येईल का?’ हा पुण्या-मुंबईहून येणारा नेहमीचा प्रश्न. १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ तिथं आडवं येतं, ते सोप्या भाषेत सांगा. नंदुरबार, अक्कलकुवा, साक्रीकडचे एजंट असाल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ वर लिहाच. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि तिलाही शासनाची पूर्वमान्यता लागते. हे न कळल्यानं इसार देऊन बसलेली माणसं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. असा प्रत्येक लेख वकिलाकडून वाचून घ्या आणि वर तारीख घाला. तुकडेबंदीसारखे (जमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणारे) नियम बदलत आलेत, जुना लेख नव्या माणसाला खड्ड्यात घालतो.

जाता जाता. परदेशी थीम (वेबसाईटचं तयार रूप) विकणारे ‘आयडीएक्स’ची सोय आहे म्हणून जास्त पैसे सांगतात. अमेरिकेत एजंटांच्या एमएलएस नावाच्या सामायिक याद्या असतात आणि त्या या सोयीनं प्रत्येक एजंटच्या वेबसाईटवर आपोआप उतरतात. आपल्याकडे तशी सामायिक यादीच नाही, मग उतरणार काय? ते पैसे वाचवा.

आणि मोकळ्या जमिनीचे तीस फोटो टाकू नका हो. चार पुरे: येणारा रस्ता, कोपऱ्याचा दगड, विजेचा खांब, शेजारी झालेलं घर. टाकलेल्या प्रत्येक फोटोच्या वर्डप्रेस लहान-मोठ्या आणखी पाच-सहा प्रती स्वतःच बनवतं. तीस फोटोंच्या दोनशेच्या आसपास फाईली होतात. ‘अमर्यादित’ म्हणून विकलेल्या होस्टिंगलाही फाईलींच्या संख्येची मर्यादा असते, ती बारीक अक्षरात असते. फोटो आधी १,२०० पिक्सेल रुंदीला आणून, वेबपी प्रकारात दीड-दोनशे केबीत बसवून मग चढवा. राहतं घर असेल तर मालकाची परवानगी घ्या, आणि फोटोत लपलेलं जीपीएसचं ठिकाण काढून टाका.

विकला गेलेला प्लॉट पुसून टाकायचा का, असं चौघांनी विचारलंय. पानावर त्या भागाची माहिती असेल तर पुसू नका. वर ‘विकला गेला’ आणि महिना लिहा, खाली त्याच भागातल्या दुसऱ्या प्लॉटची वाट दाखवा. नुसता फोटो आणि भाव असेल, तर ते पान ३०१ रीडायरेक्टनं त्या भागाच्या मुख्य पानाकडे वळवा. विकलेला माल शिल्लक आहे असं दाखवून फोन मिळवणारे एजंट आहेत. ते मला पत्र पाठवत नाहीत.

रेराचं वेबसाईटवर काय काय लावावं लागतं? मी बिल्डर नाही, फक्त मधला माणूस आहे.
— चाळीसगाव

रेरा म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारा २०१६ चा कायदा, आणि तो मधल्या माणसालाही लागू आहे. कलम ९ प्रमाणे नोंदणी असल्याशिवाय रेराखालच्या प्रकल्पातला प्लॉट किंवा फ्लॅट विकून देता येत नाही, आणि कलम १० प्रमाणे नोंदणी न झालेला प्रकल्पही विकून देता येत नाही. दंड दिवसाला १०,००० रुपये, आणि तो वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. महाराष्ट्रात एजंटची नोंदणी ५ वर्षांची असते, आणि आता त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही पास व्हावी लागते.

लोकांचा एक गैरसमज आहे की रेरा म्हणजे फ्लॅट. तसं नाही, प्लॉट पाडून विकणंही त्यात येतं. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल तर बिल्डरनं नोंदणी केली आहे का ते बघा. तुमच्या प्रत्येक पानाच्या तळाशी तुमचा ‘ए’नं सुरू होणारा नंबर, आणि प्रत्येक प्रकल्पाच्या पानावर त्याचा ‘पी’नं सुरू होणारा नंबर, महारेराच्या वेबसाईटचा पत्ता आणि क्यूआर कोड लावा. क्यूआरची सक्ती १ ऑगस्ट २०२३ पासून आहे. तो बिल्डरकडून घ्या आणि स्वतःच्या फोननं स्कॅन करून बघा, दुसऱ्याच प्रकल्पाचा निघाल्याचं मी पाहिलंय. क्षेत्रफळ लिहाल ते चटई क्षेत्रफळ. ‘सुपर बिल्टअप’ची जुनी सवय सोडा.

दादा, आमनी वेबसाईट बंद पडनी, काय करू आते? म्हणजे उघडते, मला नीट दिसते. पण गूगलवर आमचं नाव टाकलं की खाली चिनी-जपानीत काहीतरी येतं. एका गिऱ्हाइकानं फोनवर उघडली तर बुटांचं दुकान निघालं.
— शिरपूर

दादा नाही, ताई. पण चालेल.

वेबसाईटवर दुसऱ्या कुणीतरी कब्जा केलाय. हा प्रकार इतका नेहमीचा आहे की गूगलच्या मदतपानांत त्याला ‘जपानी कीवर्ड’ असं नावच आहे. मालकाला पान जसंच्या तसं दिसतं, गूगलला आणि तिकडून येणाऱ्याला वेगळं दिसतं, म्हणून महिनोन् महिने कळत नाही. तपासायचं असेल तर गूगलमध्ये ‘साईट’ हा इंग्रजी शब्द, मग विसर्गासारखी दोन टिंबं आणि लगेच जागा न सोडता तुमचा पत्ता टाका. तुमची चाळीस पानं असताना हजारो दिसली तर समजून घ्या.

तुमच्या निरोपाच्या शेवटी तुम्ही सांगितलंत की थीम ‘एका ओळखीच्यानं पेनड्राइव्हवर दिली, विकतची आहे पण फुकट मिळाली’. बहुधा तिथूनच आत आलेत. विकतच्या थीमचं कुलूप तोडून वाटणारा त्यात स्वतःसाठी एक दार ठेवून देतो.

होस्टिंगवाल्याकडे बॅकअप असतो. गडबड दिसायच्या आधीच्या तारखेचा मागा आणि तो किती दिवस मागचा मिळतो ते आजच विचारा, कारण जुने बॅकअप पुसले जातात. तो आधी वेगळ्या जागी उघडून बघा, तिथंही बुटं दिसली तर आणखी मागचा. मग ती थीम काढून टाका, वर्डप्रेसच्या मूळ फाईली नव्यानं बसवा, ‘वापरकर्ते’मध्ये अनोळखी नावं असतील ती हटवा. पासवर्ड सगळे बदला: वर्डप्रेसचा, होस्टिंगचा, डेटाबेसचा, मेलचा. ‘ॲडमिन’ हे नाव ठेवू नका, दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. नंतर गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (वेबसाईटच्या मालकांसाठीची सोय) जाऊन बघा, तिथं त्यांनी स्वतःला मालक म्हणून घुसवलेलं असतं आणि खोटा साईटमॅप, म्हणजे पानांची यादी, दिलेला असतो. दोन्ही काढा. गूगलमधली जपानी पानं जायला काही आठवडे लागतील, तेवढं सोसावं लागेल.

लेखाची लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की टक्क्यांची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांची मोठी लांब शेपटी येते. कधी लिंकमधलं नाव अर्धवट तुटलेलंही असतं. लोकांना वाटतं काहीतरी फसवणूक आहे.
— शहादा

मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस पत्ताही मराठीत बनवतं. पण पत्त्यात देवनागरीचं एक अक्षर लिहायला ९ चिन्हं लागतात आणि वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या त्या भागाला २०० चिन्हांचीच जागा आहे. म्हणजे मात्रा, वेलांट्या धरून बावीसेक अक्षरांत नाव कापलं जातं. लेख प्रसिद्ध करायच्या आधी उजवीकडच्या पट्टीत पत्ता बदला आणि रोमन लिपीत तीन-चार शब्द लिहा: गावाचं नाव, रस्त्याचं नाव, प्लॉट. शीर्षक मराठीतच राहू द्या. जुन्या लेखांचे पत्ते बदलाल तेव्हा आधीच्या पत्त्यावरून नव्याकडे रीडायरेक्ट होतंय ना ते बघा.

तुम्ही जोडलेला जुना मजकूर श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, टाईप केलेला आहे, तो वेबसाईटवर गिचमिडच दिसणार. युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, ‘क्षेत्र’ हमखास बिघडतं. आणि अक्षर मुक्ता किंवा नोटो सान्स ठेवा, म्हाताऱ्या माणसालाही वाचता येतं.

वेबसाईटवरच्या चौकशीच्या फॉर्ममधून वर्षभरात एकही चौकशी आली नाही.
— पाचोरा

स्वतः भरून बघितलात का? बहुधा निरोप निघतोय, पण स्पॅममध्ये पडतोय किंवा वाटेतच गळतोय. साध्या होस्टिंगवरून सुटणाऱ्या मेलवर जीमेल फारसा विश्वास ठेवत नाही. एसएमटीपीचं (मेल पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीचं) प्लगइन टाकून मेल नीट खात्यातून पाठवा. खरं म्हणजे फॉर्मच काढा आणि व्हॉट्सॲपचं बटण लावा. आपला माणूस फॉर्म भरत नाही, तो बोलतो.

मी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. एजंटांच्या वेबसाईट बनवण्याचं काम करायचं आहे. दर किती सांगू?
— रावेर

बनवायचे वेगळे सांग आणि सांभाळायचे वेगळे. दोन्ही मिळून एक आकडा सांगितलास तर पहिल्या वर्षी खूश, दुसऱ्या वर्षी तू फुकटचा नोकर.

सांभाळणं म्हणजे काय ते कागदावर लिहून दे. आठवड्यातून एकदा बॅकअप, आणि तो त्याच सर्व्हरवर नाही, एजंटच्या ड्राइव्हवर. बॅकअप झाल्यावरच प्लगइन, थीम आणि वर्डप्रेस अद्ययावत करणं, मग फोनवर पहिलं पान, एक प्लॉटचं पान आणि व्हॉट्सॲपचं बटण चालतंय ना ते बघणं. अधूनमधून एखादा बॅकअप रिकाम्या जागी उलगडून बघ. उलगडत नसेल तर तो बॅकअप नव्हेच. एसएसएलचं, म्हणजे वेबसाईट सुरक्षित असल्याचं, लेट्स एनक्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, पण ते ९० दिवसांचं असतं. आपोआप नवं होतंय का ते तपास, नाहीतर एके सकाळी एजंटच्या पानावर ‘असुरक्षित’ असं येईल आणि तो आधी तुला फोन करेल. डोमेनची तारीख कॅलेंडरमध्ये टाक, तीस दिवस आधीची. रात्री अकराला दिवाळीचं बॅनर लावणं यात येत नाही, हेही लिही. दर तुझ्या तासांवरून काढ. पण जो एजंट बनवायचे पैसे भरभर देतो आणि महिन्याच्या पैशांना घासाघीस करतो, त्याला नम्रपणे नाही म्हण. डोमेन पहिल्या दिवसापासून त्याच्या नावानं घे, त्याच्यासमोर, त्याच्या फोनवर ओटीपी मागवून. नाहीतर देवपूरच्या पत्रातला तो पुण्याचा मुलगा तू होशील.

पहिलं काम फ्लॅटवाल्याचं घेऊ नकोस. रावेर-सावद्याकडे केळीची शेतं विकून देणारा, गप्पिष्ट असा कुणीतरी शोध. शहरातला एजंट चौरस फुटाच्या पुढे बोलत नाही. हा तुला सांगेल की विहिरीत कुणाचा किती हिस्सा आहे, तो सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त लागलाय की नुसता तोंडी आहे, पाईपलाईन कुणाकुणाच्या बांधावरून येते आणि त्यांच्याशी सध्या बोलणं आहे का. त्याच्याबरोबर एक दिवस शेतांवर फिर, फोन रेकॉर्डिंगला लावून खिशात ठेव, त्याला सांगून. पहिल्या सहा महिन्यांचे लेख त्यातच निघतील.